दिवाळीत कमी खर्चात द्यायचंय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

गेल्या दिवाळीचा हिशोब मी थेट फेब्रुवारीत केला, त्याआधी धीरच होत नव्हता. वही घेऊन बसले, एका बाजूला कोणाला काय दिलं आणि दुसऱ्या बाजूला किती गेले असं लिहीत गेले, तर दिसलं असं की देण्याघेण्यावर गेलेल्या पैशातला बराच मोठा हिस्सा वस्तूवर गेलाच नव्हता, वस्तू स्वस्तातली आहे हे कळू नये यावर गेला होता. जाळीची पोटली, सोनेरी रिबन, खिडकीवाला डबा, वर चिकटवायचं ते 'शुभ दीपावली'. आणि कळायचं ते सगळ्यांना कळतंच हो, पुण्यात कोण कुणाला फसवतंय, इथे लोक डबा उघडायच्या आधी उलटा करून किंमत बघतात.

तर यंदा कोणी त्या वाटेला जाऊ नये म्हणून लिहितेय.

चिवड्यापेक्षा डबा महाग

बोहरी आळीत मी गेले होते चाळणी आणायला. तिथे ९० रुपयाला एक असे पुठ्ठ्याचे डबे दिसले, वर पारदर्शक खिडकी, एकदम मॉलमधल्यासारखे. १४ घेतले. म्हणजे १२६० रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे, आणि आत जाणारा पाव किलो घरचा चिवडा साठ-सत्तर रुपयात होतो. घरी येईपर्यंत चाळणी राहिलीच.

पण खरी चूक पुढे आहे. रात्री अकराला दुसरा घाणा काढला, सकाळी वाटायला निघायचं होतं, म्हणून चिवडा कोमट असतानाच डब्यात भरला. वाफ आत अडकली, खिडकीला आतून बारीक दव धरलं, ते मी पाहिलं पण आणि तरी झाकण लावलं. त्यात परतीचा पाऊस. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन, "चव छान आहे गं, फक्त जरा मऊ लागला." मऊ म्हणजे सादळलेला, पण जाऊबाई सभ्य आहेत.

चिवडा परातीत पसरून वर पातळ फडकं टाकून रात्रभर ठेवा, हाताला जरासुद्धा ऊब लागता कामा नये, मग भरा. पुठ्ठ्याच्या डब्यात थेट भरू नका, हवा आत जातेच. आणि सादळला असेल तर घाबरू नका, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं कोरडाच परता, तेल नाही, आणि परत पूर्ण गार होऊ द्या. चकली मऊ पडली तर ओव्हन कमी आचेवर ठेवून त्यात थोडा वेळ. पण खोबऱ्याला नाहीतर दाण्याला खवट वास यायला लागला असेल तर मात्र सोडून द्या, खवटपणा परतून जात नाही.

यंदा मी कॉफीच्या आणि जॅमच्या काचेच्या बाटल्या वर्षभर जमवल्यात. धुवून, उलट्या ठेवून वाळवून, झाकणं वेगळी करून दोन दिवस उन्हात. लोणच्याच्या बाटल्या घेऊ नका, बाटलीचा वास जातो पण झाकणाच्या आतल्या रबराचा काही केल्या जात नाही आणि मग शेवेला कैरीचा वास. ज्यांच्याशी तेवढी ओळख आहे त्यांना सरळ स्टीलचा डबा द्यायचा आणि सांगायचं, डबा परत हवाय. यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही, आपल्या आया हेच करायच्या आणि डबा रिकामा यायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी असायची.

मिठाई घेताना डोळे मिटून घेणं

गर्दीत आपण बोलत नाही, पण डब्यासकट वजन करून देणं नियमात बसत नाही. आधी काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करून घ्या म्हणायचं, लोक वळून बघतात, बघू देत. काजूकतलीच्या भावात पुठ्ठा विकत घेतोय आपण. दुसरं, सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायची ती तारीख लावायचा नियम २०२० पासून आहे, ती पाटी वाचा. बंगाली मिठाई दोन दिवसांच्या पुढे नको, खव्याची फार तर चार. म्हणजे धनत्रयोदशीला घेतलेले पेढे भाऊबीजेला द्यायचे नाहीत.

आणि हो, आलेलं पुढे ढकलणं. ऑफिसमधून आलेला ड्रायफ्रूटचा डबा मावशींना दिला की झालं, असं मी तीन वर्षं केलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पुढे द्यायला हरकत नाही, खरंच नाही, पण उघडून, तारीख बघून, आतली 'सस्नेह' वाली चिठ्ठी काढून. मी एकदा मेणबत्त्यांचा सेट ज्या मैत्रिणीकडून आला होता तिच्या बहिणीलाच दिला होता, चिठ्ठीसकट. त्याचं ट्रबलशूटिंग नाहीये. हसून घ्यायचं.

उटणं, दिवाळी अंक वगैरे

हे दोन्ही स्वस्त आणि बरे पर्याय, पटकन सांगते. उटण्याची तयार पुडी घेण्यापेक्षा रविवार पेठेत काष्टौषधीच्या दुकानात नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळी असं सुटं दळलेलं घेऊन मुलतानी मातीत मिसळलं तर बरंच स्वस्त पडतं आणि वासही खरा येतो. चूक कुठे होते, तर लोक नरक चतुर्दशीच्या दिवशी उटणं नेऊन देतात. पहाटे अभ्यंगस्नान झालं, मग संध्याकाळी आलेल्या उटण्याचं काय करायचं. वसुबारसेच्या आत पोचवा.

दिवाळी अंकांची रीत १९०९ पासूनची, 'मनोरंजन'ने पहिला काढला, तरी भेट म्हणून अंक द्यायचं आपल्याला सुचत नाही. दोन घरांत मिळून दोन वेगळे अंक घ्यायचे आणि डिसेंबरात अदलाबदल करायची. फक्त समोरचा वाचतो का हे आधी बघा, आमच्या मेहुण्यांकडे २०१९ चा अंक अजून प्लॅस्टिकमध्ये आहे.

शेवटच्या रविवारी लक्ष्मी रोड

नको. एवढंच. तुळशीबागेत दहा रुपये वाचवायला गेले आणि गाडी टोइंगवाल्यांनी उचलली, दंड भरताना सगळी बचत गेली वर रिक्षाचे वेगळे. आता २०२४ पासून मेट्रो मंडईपर्यंत येते, मधल्या वारी सकाळी अकराच्या आत जा, पणत्या घ्यायच्या तर कसबा पेठेत कुंभारवाड्यात जा आणि तिथे घासाघीस करू नका. डझनामागे पाच रुपये कमी करून कोणाचीच दिवाळी मोठी होत नाही.

ओवाळणीची चढती भाजणी

तो पाचशे घालतो, मग आपण त्याच्या मुलांना सातशेचं काहीतरी नेतो, मग पुढच्या वर्षी तो हजार, मग आपण… आणि दोघंही घरी येऊन कुरकुर करतो. आमच्याकडे हे बारा वर्षं चाललं. हे थांबवायचं तर बोलावंच लागतं, आणि जो जास्त देतो त्यानेच बोलायचं, कमी देणारा बोलला की त्याचा वेगळा अर्थ निघतो. आणि ताटासमोर नाही, दसऱ्यानंतर लगेच फोनवर. मी म्हटलं, "दादा, यंदापासून १०१ च घाल, मोठ्यांनी मोठ्यांना काही द्यायचं नाही, फक्त पोरांना." पलीकडे दोन सेकंद शांतता, मग म्हणाला, "वहिनी किती वर्षं म्हणतेय हेच, मीच तुला कसं सांगू म्हणून बसलो होतो." उरलेल्यातले काही आम्ही दोघं महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीला देतो, लहानपणी आईकडे त्याच्या पावत्या असायच्या.

पोस्त उशिरा देणं

वॉचमन काका, कचरा नेणाऱ्या ताई, पेपर टाकणारा मुलगा. आपण पोस्त देतो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, कारण तेव्हा आपल्याला आठवण होते. त्यांना पैसे लागतात त्याच्या आठवडाभर आधी, पोरांचे कपडे घ्यायला, गावची गाडी पकडायला. आमच्या वॉचमन काकांचं पाकीट माझ्या टेबलावर भाऊबीजेपर्यंत पडून होतं कारण ते धाराशिवकडे गावी निघून गेले होते. पाकीट आधी द्या, रोख द्या, आणि त्यांना दिवाळीत घरातले जुने कपडे देऊ नका. जुने कपडे जूनमध्येही देता येतात. आणि कृपा करून ग्रुपवर फोटो टाकू नका, वॉचमन काका त्या ग्रुपमध्ये आहेत.

अनोळखी लोकांना काय हवंय हे आपणच ठरवणं

यात माझी सगळ्यात मोठी फजिती झाली. पाडव्याला आम्ही चौघी मैत्रिणी वीस पाकिटं फराळ घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात गेलो, बाहेर पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात त्यांच्यासाठी. पहिल्याच काकांनी हात जोडले, म्हणाले, "ताई, सकाळपासून तुम्ही चौथ्या. लाडू खूप झाले. चार्जर आहे का?" त्यांच्या उशाशी खरंच लाडवांची तीन पाकिटं होती. शेजारच्या बाईंना टूथपेस्ट हवी होती, एकीला गरम पाणी, एका मुलाला गावी फोन लावायला कोणाचा तरी मोबाईल. आमच्याकडे वीस पाकिटं बेसनलाडू.

तेव्हा आधी विचारा. आदल्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊन दहा मिनिटं बोला, पैसे लागत नाहीत. आणि सणाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळेच येतात, तुळशीच्या लग्नाच्या आसपास कोणी फिरकत नाही.

रक्तदानाचंही तसंच. दिवाळीत कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि प्लेटलेट तर पाच दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. फुकटात एवढं मोठं देणं दुसरं नाही. पण मी गेले फराळाची कामं उरकून, न जेवता, आणि परत पाठवलं, हिमोग्लोबिन १२.१ निघालं, किमान १२.५ लागतं. नीट जेवून, पाणी पिऊन जा, वजन ४५ किलोच्या वर हवं, आणि दोन रक्तदानांत पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने अंतर लागतं, तेव्हा शेवटचं कधी दिलं ते आधी बघून ठेवा. हिमोग्लोबिन कमी निघालं तर खट्टू होऊ नका, घरातल्या दुसऱ्याला पाठवा. मी नवऱ्याला पाठवलं.

तर त्या चार्जरचं. आम्ही लाडू परत आणले, सोसायटीचं काम चालू होतं तिथल्या मजुरांच्या पोरांनी ते संपवले, आणि मी एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि तीन तऱ्हेच्या पिनांच्या वायरी घेऊन परत गेले. हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याला विचारून त्याच्याकडे बोर्ड लावला, लाईटबिलाचे म्हणून त्याच्या हातात २०० रुपये ठेवले, तो नको नको म्हणत होता. दोन दिवस भरपूर चालला. तिसऱ्या दिवशी वायरी गायब, बोर्ड तेवढा शिल्लक.

यंदा वायरी दोऱ्याने बोर्डलाच बांधल्यात आणि वर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलंय, 'मोबाईल चार्ज करा. वायर चार्ज होत नाही, ती घरी नेऊ नये.'