कंट्रोल-झेड एकदाच: जुन्या जेग्राफएक्सला नव्या जावाची जोड

रात्री चालणाऱ्या बॅच कामांचा एक नकाशा आमच्याकडे आहे. 140 चौकटी, त्यांच्यामध्ये रेघा, आणि कुठलं काम कुणासाठी खोळंबलंय ते एका नजरेत दिसतं. हे सगळं स्विंगमध्ये (जावातलं खिडक्या-बटणं बनवायचं साधन), जेग्राफएक्स ही आकृत्या काढायची लायब्ररी वापरून कुणीतरी फार पूर्वी लिहिलेलं. माझ्या गळ्यात पडलं तेव्हा सोबत एकच तक्रार आली: ‘अनडू विचित्र वागतं’. मी शेजारी बसून पाहिलं. वापरणाऱ्याने एक चौकट सरकवली, कंट्रोल-झेड दाबलं, चौकट जागेवर गेली. सवयीने आणखी एकदा दाबलं, तर कोपऱ्यातली एक रेघ गेली. मग दुसरी. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेले नाही.

लायब्ररीची चूक नव्हती. जेग्राफएक्स म्हणजे ब्राउझरमध्ये आकृत्या काढणाऱ्या एमएक्सग्राफचं स्विंगमधलं भावंड. एमएक्सग्राफचं काम 2020 मध्ये थांबलं, जेग्राफएक्सही आता कुणी पुढे नेत नाही. पण परवाना बीएसडी म्हणजे मोकळा, कोड समोर, आणि जावा 21 वर ती बिनतक्रार चालते. तिच्यात नवं काही येणार नाही. नवं येतं ते जावाकडून. रेकॉर्ड (एकदा बनला की न बदलणारा माहितीचा क्लास), सीलबंद इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले), स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग (प्रकार बघून वाट निवडणं) या तीन गोष्टींनी ही जुनी लायब्ररी किती सरळ वागायला लागते, ते मला काम करताना कळलं.

आधी पाया. या लायब्ररीत चित्र आणि मॉडेल, म्हणजे चित्रामागची माहिती, वेगळे आहेत. चौकट घालायची ती ‘इन्सर्टव्हर्टेक्स’ने, रेघ ‘इन्सर्टएज’ने, आणि दोन्ही बदल मॉडेलमध्ये होतात. मॉडेलला बदलांआधी ‘बिगिनअपडेट’ आणि नंतर ‘एंडअपडेट’ सांगायचं असतं. ‘एंडअपडेट’ कायम फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात. मध्येच अपवाद फेकला गेला आणि ते राहून गेलं तर पडदा ताजा होणंच बंद होतं. या जोड्या एकात एक बसतात. मॉडेल आत पातळी मोजत असतं आणि सगळ्यात बाहेरची जोडी मिटली की सगळ्या बदलांची मिळून एकच ‘अनडू’ घटना पाठवतं. आमच्या जुन्या कोडमध्ये बाहेरची जोडीच नव्हती. त्यामुळे नकाशा उघडताना घातलेली प्रत्येक चौकट आणि प्रत्येक रेघ इतिहासात सुटी नोंदली गेली होती. ‘एमएक्सअनडूमॅनेजर’ मुळात 100 नोंदी ठेवतो, म्हणजे इतिहास भरला होता तो आमच्याच लोडिंगने.

उपाय दोन ओळींचा. संपूर्ण लोडिंग एका जोडीत गुंडाळा आणि अनडूचा लिसनर (बदलाच्या घटना ऐकणारा कोड) लोडिंग संपल्यावरच लावा. नुसतं गुंडाळून थांबलात तर शेवटच्या कंट्रोल-झेडला अख्खा नकाशा एका दमात पुसला जाईल, ते जास्त भीतीदायक. लिसनर मॉडेलवरही लावायचा आणि व्ह्यूवरही (चित्राच्या बाजूवर), कारण काही बदल व्ह्यूकडून येतात. आणि कंट्रोल-झेड आपणच बांधायचं असतं. ‘एमएक्सकीबोर्डहँडलर’ कट, कॉपी, पेस्ट, डिलीट देतो, अनडू देत नाही.

आता रेकॉर्डकडे येते, कारण खरा फरक तिथे पडला.

प्रत्येक चौकटीला एक ‘व्हॅल्यू’ असते, कुठलाही ऑब्जेक्ट. आमच्याकडे तिथे ‘काम’ नावाचा साधा क्लास होता: क्रमांक, नाव, वेळमर्यादा, आणि सगळ्यांना सेटर, म्हणजे ते जागच्या जागी बदलणारी पद्धत. नाव बदलायचं तर सेटर मारायचा आणि चौकट पुन्हा रंगवायची. दिसायला ठीक. पण सेटर मारला ते मॉडेलला कळतच नाही. त्याच्या लेखी व्हॅल्यू तीच, तोच ऑब्जेक्ट. मग अनडू कशाचं करणार? वापरणारा नाव बदलतो, कंट्रोल-झेड दाबतो, आणि नावाऐवजी त्याआधीची सरकवासरकव मागे जाते. याची उलटी गंमतही होती. चौकटीवर एफ-2 दाबून थेट नाव बदललं की लायब्ररी टाइप केलेली स्ट्रिंगच व्हॅल्यू म्हणून ठेवते. आपला ‘काम’ ऑब्जेक्ट गायब, उरतं फक्त नाव. क्रमांक गेला, वेळमर्यादा गेली.

जावा 16 पासून, म्हणजे 2021 पासून, रेकॉर्ड पक्के झाले. ‘काम’चा रेकॉर्ड केला की सेटर मुळातच राहत नाहीत. नाव बदलायचं तर नवा रेकॉर्ड बनवायचा आणि मॉडेलच्या ‘सेटव्हॅल्यू’ने चौकटीला द्यायचा, दुसरी वाटच नाही. आणि नेमकी हीच वाट अनडूला कळते: जुना रेकॉर्ड, नवा रेकॉर्ड, अदलाबदल. एफ-2 साठी ग्राफचा ‘सेललेबलचेंज्ड’ ओव्हरराइड करा, म्हणजे त्याच्या जागी आपली पद्धत लिहा. आलेली व्हॅल्यू स्ट्रिंग असेल तर चौकटीचा जुना रेकॉर्ड काढा, तेवढं नाव बदललेला नवा बनवा आणि मूळ पद्धतीला स्ट्रिंगऐवजी तो द्या. बाकी ट्रान्झॅक्शन मूळ पद्धतच सांभाळते. हे केलं त्या दिवशी मी सेटरचे कॉल शोधून शोधून काढत होते; कंपायलर एकेक दाखवत होता, मला फक्त त्याच्यामागे जायचं होतं.

एक खाच आहे. कॉपी-पेस्ट केल्यावर दोन्ही चौकटींकडे तोच रेकॉर्ड जातो. बदलत नसल्याने धोका नाही, पण त्यातला क्रमांकही तोच राहतो. पेस्टनंतर नवा क्रमांक द्यायला विसरू नका. मी विसरले होते. एकाच क्रमांकाची दोन कामं नकाशावर आठवडाभर सुखाने नांदली.

चौकटीवर काय लिहायचं ते ‘कन्व्हर्टव्हॅल्यूटूस्ट्रिंग’ ठरवतं. आमच्याकडे चौकटी तीन प्रकारच्या: काम, फाइलची वाट पाहणारा थांबा, आणि माणसाने मंजुरी द्यायची जागा. आधी तिथे इन्स्टन्सऑफची शिडी होती, म्हणजे ‘हा या प्रकारचा का?’ असं एकेक विचारत जायचं. आता या तिघांचा एक सीलबंद इंटरफेस आहे आणि त्यावर जावा 21 चा स्विच. डिफॉल्ट, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची वाट, मुद्दाम ठेवलेला नाही. मागच्या महिन्यात चौथा प्रकार आला, तेव्हा मजकूर, टूलटिप आणि रंग ठरवणाऱ्या तिन्ही जागी कोड कंपाइलच होईना. पूर्वी हेच आम्हाला चौकटीवर क्लासचं नाव आणि पुढे आकडे उमटले की कळायचं.

वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट मात्र अनडू नव्हतीच. चौकट सरकवायला धरली की तिच्यातून रेघ निघायची! जेग्राफएक्समध्ये चौकटीचा मधला भाग जोडणीसाठी राखीव असतो, मुळात 0.3 प्रमाणात. तिथे गेल्यावर कर्सर हाताचा होतो, पण घाईत ते कोण बघतं? माणूस चौकट मध्येच धरतो, त्याला दोष कसा द्यायचा? आम्ही वर एक ‘जोड’ बटण दिलं आणि ते दाबलेलं असेल तेव्हाच ‘सेटकनेक्टेबल’ चालू ठेवलं. ‘सेटअलाउडँगलिंगएजेस’ बंद केलं, म्हणजे रेघ अधांतरी सोडता येत नाही. तक्रारी निम्म्याने कमी झाल्या असं मी म्हणेन, मोजल्या नाहीत.

जोडायला दिलं की चुकीचं जोडणं आलंच. आमच्या नकाशात चक्र नको: अ ला ब हवं, ब ला क, आणि क ला पुन्हा अ, तर रात्री तिघेही एकमेकांची वाट बघत बसतील. त्यासाठी ‘गेटएजव्हॅलिडेशनएरर’ ओव्हरराइड करायची. नल परत दिलं तर जोडणी चालेल. रिकामी स्ट्रिंग दिली तर गुपचूप नकार. मजकूर दिला तर माउस सोडल्यावर तो खिडकीत दिसतो. आधी मूळ पद्धतीला विचारा, तिने काही म्हटलं तर तेच परत द्या. नाहीतर लक्ष्यापासून बाहेर जाणाऱ्या रेघांवरून पुढे पुढे चालत जा. उगमाची चौकट भेटली की चक्र. इथे दोन गोष्टी जपा. जुनी रेघ दुसरीकडे वळवतानाही हीच पद्धत येते, तेव्हा चालताना ती रेघ स्वतः वगळा, नाहीतर नसलेलं चक्र सापडेल. आणि ही पद्धत माउस हलताना पुन्हा पुन्हा बोलावली जाते, लाल की हिरवी चौकट दाखवायची ते तिच्यावरून ठरतं. त्यामुळे आत डेटाबेसला हात लावायचा नाही.

मजकूर लिहिताना थोडे कष्ट घ्या. ‘अवैध जोडणी’ लिहून सुटका होते, पण वाटेत भेटलेल्या चौकटींची नावं जमवून ‘हे जोडल्यास हिशोब, पडताळणी आणि अहवाल एकमेकांत अडकतील’ असं दाखवलं की कुणी विचारायला येत नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. अवलंबित्वाच्या नकाशाला ‘एमएक्सहायरार्किकललेआउट’ हवा, बाकीचे नको. त्यामागे सुगियामा आणि सहकाऱ्यांची 1981 ची पद्धत आहे: चक्रं तोडायची, चौकटी थरांत बसवायच्या, रेघांची छेदाछेद कमी करायची, मग जागा ठरवायच्या. मांडणी कधी चालवायची याबद्दल मी हट्टी आहे: बटण दाबल्यावरच. माणसाने हाताने लावलेला कोपरा आपण दर बदलाला उधळला तर तो पुन्हा लावायच्या भानगडीत पडत नाही.

आणि चालवलीच तर ‘एमएक्समॉर्फिंग’मधून चालवा, म्हणजे चौकटी उडी न मारता सरकत जातात आणि डोळ्याला माग राहतो. 20 पायऱ्या आणि पायरीमागे 20 मिलिसेकंद दिले की फार तर अर्ध्या सेकंदात खेळ संपतो. यात ‘बिगिनअपडेट’ मांडणीआधी, पण ‘एंडअपडेट’ मॉर्फिंगच्या ‘डन’ घटनेत करायचं असतं, त्यामुळे मॉर्फिंग सुरू करणं स्वतःच फायनलीत टाका. अख्खी मांडणी मग एकाच कंट्रोल-झेडला मागे जाते.

व्हर्च्युअल थ्रेडचं (बरीच कामं एकाच वेळी चालवायचे जावाचे हलके थ्रेड) नाव निघालं की लोक मांडणीच तिकडे ढकलायला बघतात. नको. मांडणी मॉडेलला हात लावते आणि स्विंगच्या घटना-थ्रेडबाहेर (पडदा सांभाळणारा थ्रेड) ते धोक्याचं. शिवाय ती निव्वळ आकडेमोड, तिला व्हर्च्युअल थ्रेडने वेग येत नाही. कामांची माहिती सर्व्हरवरून आणायला मात्र ते छान. आणून झालं की ‘इन्व्होकलेटर’मधून, म्हणजे त्याच घटना-थ्रेडवर, एकदम मॉडेलमध्ये घाला, अर्थातच एका जोडीत.

साठवताना रेकॉर्डची किंमत मोजावी लागते. ‘एमएक्सकोडेक’ मॉडेलचं एक्सएमएल करतो, पण परत वाचताना तो रिकामा ऑब्जेक्ट बनवून रिफ्लेक्शनने (चालत्या प्रोग्रॅममध्ये क्लासच्या आत हात घालून) फील्ड भरतो. रेकॉर्डला रिकामा कन्स्ट्रक्टर आपोआप मिळत नाही आणि त्याची फील्ड रिफ्लेक्शनने बदलू देत नाहीत. मी एक संध्याकाळ स्वतःचा कोडेक लिहिण्यात घालवली आणि मग तो नाद सोडला. आता आमच्या फाइलमध्ये लायब्ररीचं काहीच नसतं: कामांची यादी, जोड्यांची यादी, आणि प्रत्येक क्रमांकापुढे एक्स-वाय. उघडताना नकाशा नव्याने बांधायचा. 140 चौकटींना डोळ्याला जाणवेल इतका वेळ लागत नाही, आणि चौकटीचा रंग बदलायचा ठरला तर जुन्या फाइली रंग धरून बसत नाहीत.

चित्र छापायला हवं असेल तर ‘एमएक्ससेलरेंडरर’च्या ‘क्रिएटबफर्डइमेज’ला प्रमाण 1 ऐवजी 2 द्या. 1 ने काढलेलं चित्र कागदावर घेतलं तर चौकटीतली नावं वाचताना कागद डोळ्यांजवळ न्यावा लागतो.