डिप्रेशनची गोळी लिहिताना या चुका टाळा

कागल, गडहिंग्लजकडून आलेला पेशंट ‘डिप्रेशन’ हा शब्द उच्चारत नाही. छातीत धडधडतंय, डोकं जड आहे, झोप नाही, असं सांगतो आणि बी-१२चं इंजेक्शन घेऊन घरी जातो. दोन आठवड्यांपासून कशातच मन लागत नाही का, हे विचारायचं राहून जातं. ते विचारा, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन बघा. ‘पूर्वी कधी चार-पाच दिवस झोप नसूनही जोमात, पैसे उधळत होता का?’ हेही विचारा, घरच्यांनासुद्धा. उत्तर ‘हो’ असेल तर बायपोलरची (कधी उन्माद, कधी उदासी असा आजार) शक्यता धरा. तिथं नुसती अँटिडिप्रेसंट उन्माद भडकवू शकते, म्हणून आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

सगळ्यात महागात पडते ती एस्सिटालोप्राम (अँटिडिप्रेसंट) आणि क्लोनाझेपाम (झोप आणणारं, शांत करणारं औषध) यांची जोडगोळी. दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं, पण ते क्लोनाझेपाममुळं. त्याची सवय लागते आणि एकाच गोळीत असल्यानं ते एकटं कमीही करता येत नाही. दोन्ही वेगळी लिहा. एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅ सकाळी, आठवड्यानं १०. क्लोनाझेपाम लागलंच तर ०.२५ मिग्रॅ रात्री, तेही दोन-चार आठवड्यांत उतरवत बंद.

पाचव्या दिवशी मळमळ, बेचैनी होते आणि गोळी सुटते. ‘गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास आधी जाणवतो,’ हे वाक्य चिठ्ठी देतानाच बोला. पुढची तारीख चिठ्ठीवरच घाला: चौदावा दिवस, पंचविशीच्या आतल्याला सातवा.

अमिट्रिप्टिलीन ही जुनी अँटिडिप्रेसंट १० मिग्रॅ मायग्रेनला चालते, डिप्रेशनला तो डोस पुरत नाही.

साठीपुढचा पेशंट एस्सिटालोप्रामसोबत बीपीसाठी क्लोरथॅलिडोन घेत असेल, तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं; दोन आठवड्यांनी ते तपासा. तोल जाणं, बरळणं हे ‘वयामुळं’च असतं असं नाही, सोडियम उतरल्यानंही होतं. एस्सिटालोप्रामसोबत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक तर टाळाच.

बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवा, मग काही आठवड्यांत उतरवा. एकदम थांबवली की चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. पेशंटला तो आजारच परतल्यासारखा वाटतो.

आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रेफर करा. गोळ्या आठवड्यापुरत्याच द्या, त्याही नातेवाइकाच्या हातात. उसाच्या पट्ट्यात घरोघरी तणनाशक असतं; ते शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहा.