क्षेत्रफळ-घनफळाची सूत्रं शिकवताना या चुका टाळा

सातवी-आठवीच्या मुलांची सूत्रं तोंडपाठ असतात, तरी गणित चुकतं. सूत्रातलं अक्षर म्हणजे आकृतीतलं नेमकं कोणतं माप, हे त्यांनी हाताने मोजून पाहिलेलं नसतं.

सुरुवात एककांपासून होते. 1 मीटर म्हणजे 100 सेमी, म्हणून 1 चौरस मीटर म्हणजे 100 चौरस सेमी, असं बेधडक लिहिलं जातं. सांगली-साताऱ्याकडच्या शेतकरी घरांत गुंठा रोज कानावर पडतो, तोच घ्या. 33 फूट बाजूचा चौरस म्हणजे 1 गुंठा, 1,089 चौरस फूट. मग 66 फूट बाजूचा चौरस किती? पटकन 'दोन' असं उत्तर येतं. चौरसाच्या मधोमध एक आडवी, एक उभी रेघ मारायला लावा. चार गुंठे समोर दिसले, की 100 × 100 = 10,000 समजावणं सोपं जातं.

त्रिकोणात तिरप्या बाजूलाच उंची धरतात. आकृती वेड्यावाकड्या स्थितीत काढा आणि गुण्या लावूनच लंब काढायला सांगा.

शंकूचं घनफळ तेवढ्याच त्रिज्येच्या आणि उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतं, हे दाखवायच्या प्रयोगात हीच चूक शिक्षकांकडूनही होते. 5 सेमी त्रिज्येची, 12 सेमी उंचीची वृत्तचिती करायची, तर कार्डशीटची पट्टी 31.4 × 12 सेमी, चिकटवायला 1 सेमी जादा. शंकूसाठी मात्र कंपास 13 सेमी उघडायचा, कारण तिरकस उंची √(25 + 144) = 13. कंसावर दोऱ्याने 31.4 सेमी मोजा, पाकळी कापा. कंपास 12 वर ठेवला तर दोन्ही तोंडं जुळतात, पण शंकूची उंची 10.9 सेमीच भरते. तीन शंकू ओतूनही वृत्तचिती सुमारे 1.1 सेमी रिकामी राहते आणि मुलांचा 'एक तृतीयांश'वरचा विश्वासच उडतो. भरायला शाळू (ज्वारी) घ्या, प्रत्येक वेळी पट्टीने सपाट करा, दाबू किंवा हलवू नका.

'वीस फुटी विहीर' म्हटलं की वीस हा व्यास असतो. त्रिज्या म्हणून 20 घातले तर घनफळ चौपट येतं.

शेततळ्याचं गणित देताना उतार विसरू नका. वर 30 × 30 मीटर, खोली 3 मीटर, उतार 1:1 (1 मीटर खाली गेलं की 1 मीटर आत) असेल तर तळ 24 × 24 मीटरच उरतो. 30 × 30 × 3 = 2,700 घनमीटर हे उत्तर चूक. नववीपर्यंत एवढंच विचारा: घनफळ 24 × 24 × 3 = 1,728 आणि 2,700 यांच्या मध्येच का असणार? नेमकं उत्तर 2,196 घनमीटर. म्हणजे तळं सरळ भिंतींचं धरलं तर 5,04,000 लीटर पाणी नुसतं कागदावरच.