जुनं विमान बनवताय? आधी एककं तपासा

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी जुनं विमान तयार करताना मॉडेल आणि रंगकामाला हात घालण्याआधी मूळ पायलट मॅन्युअलमधली एककं बघा. डीसी-३ या जुन्या अमेरिकी विमानाच्या काळात वेग ताशी मैलांत लिहीत. सिम्युलेटरच्या फायलीत तो बहुधा नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) भरावा लागतो. ताशी १०० मैल म्हणजे फक्त ८७ नॉट. हे चुकलं की स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत) वाढतो, विमान उतरताना वेळेआधीच खाली बसतं आणि आपण रात्र-रात्र पंखांचे आकडे बदलत राहतो. ब्रिटिश विमानांत तर फारच जपा. त्यांचा गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकी ३.७९चा. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा +१२ बूस्ट (हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला १२ पौंड जास्त) म्हणजे अमेरिकी पद्धतीत मॅनिफोल्ड प्रेशर, अर्थात इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याचे सुमारे ५४ इंच. कॉकपिटमधल्या डायलवर मात्र मूळचीच एककं रंगवा. वैमानिकाची नजर त्यांवरच असायची.