शाळेच्या डब्यातली मासळी: या चुका टाळा

कृती बरोबर, मसाला बरोबर, तरी मधल्या सुट्टीत झाकण उघडताच वास येतो. अशा वेळी दोष रेसिपीला देऊ नका, मधल्या चार-पाच तासांकडे बघा.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘शिजवलं की सगळं मरतं’. बांगडा, तारली, कुपा बर्फाशिवाय पडून राहिले की जिवाणू त्यात हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार करतात. ते एकदा तयार झालं की उकळा नाहीतर तळा, जात नाही. मासळीला वास येईलच असंही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, आणि घरचे समजतात पोराला मासळीची ॲलर्जी आहे. त्यामुळे मासळी घेतल्याघेतल्या बर्फात. उन्हाळ्यात वजनाला वजन बर्फ. कल्ले आणि आतडी लगेच काढा.

दुसरी चूक गरमागरम कटलेट डब्यात कोंबायची. वाफेचं पाणी होतं, कटलेट लगदा होतं आणि डबा तासन्‌तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हीच जिवाणूंची आवडती हवा. एकतर चांगल्या थर्मासमध्ये कडकडीत गरम द्या, नाहीतर फ्रीजमध्ये पूर्ण गार करून बर्फाच्या पिशवीसोबत.

कटलेट फुटतंय? अंडं वाढवू नका. उकडलेली मासळी फडक्यात पिळा, बटाटा कोरडा मॅश करा, वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

काट्यांच्या धास्तीने तारली वगळू नका. प्रेशर कुकरमध्ये थोडं व्हिनेगर घालून मंद आचेवर शिजवा. मधला काटा दोन बोटांत चुरडला गेला की झालं, कॅल्शियम फुकटात. जाड काट्यांची मासळी मात्र बोटांनी चाचपून, चांगल्या उजेडातच निवडा.

सुकी मासळी भिजवून पाणी फेका आणि वरून मीठ घालू नका. मुशीसारख्या मोठ्या शिकारी मासळीत पारा साठतो, मुलांना छोटी मासळीच बरी. आणि हो, कोळंबीचे रोल वर्गात वाटायला देण्याआधी शिक्षकांना विचारा. मासळी चालणाऱ्या मुलालाही कोळंबीची ॲलर्जी असू शकते.

डबा तसाच परत आला तर संध्याकाळी गरम करून वाढू नका, टाकून द्या.