यंत्रमागावर लागलं? केस पेपरवर कारण नीट लिहून घ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या शेजारच्या मागावर धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) उडून एकाच्या डोळ्याखाली लागला. घाईत कुणीतरी दवाखान्यात ‘पडला’ एवढंच सांगितलं. केस पेपरवर तेच आलं आणि भरपाई तिथेच अडली. फार वाईट वाटलं, कारण हे टाळता येतं.

१. डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा, “कामावर होतो, मागाचा धोटा लागला.” तसंच लिहिलंय का, ते तिथल्या तिथे वाचून बघा. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

२. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा: तारीख, वेळ, माग नंबर, जवळ कोण होतं. अपघात नोंदवहीत नाव चढवायला लावा.

३. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच घ्या. बरं होईपर्यंत रोजाच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. ईएसआय नसेल तर भरपाई मालकाने द्यायची असते. त्याचा दावा २ वर्षांच्या आत करा.

हजेरीकार्डाचा फोटो काढून ठेवा. आणि मालकाने उपचाराला पैसे देताना कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला, तर अजिबात देऊ नका.