टायमिंगच्या खुणा जुळत नाहीत? दात सरकवायच्या आधी हे बघा

इंजिनकाम करताना हेड बसलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बसले, टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) चढवला, खुणा एकदम बरोबर, आणि हातानं क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) दोन फेरे फिरवले की कॅमची खूण भलतीकडेच. मग जो तो सांगतो, ‘एक दात सरकव, होऊन जाईल’. नका सरकवू. आधी चूक किती आहे ते बघा, पूर्ण एक दात की त्याहून कमी. अर्ध्या दाताची चूक दात सरकवून जात नाही, फक्त या बाजूची त्या बाजूला जाते आणि तुम्ही रात्रभर तेच करत बसता.

मॅन्युअल उघडं आहे आणि स्पार्क प्लग काढलेत असं धरतो. काढले नसतील तर आत्ता काढा, कॉम्प्रेशनशी झटापट करत पाना ओढला तर हाताला जे कळायला हवं ते कळतच नाही.

क्रँकची खूण आतल्या स्प्रॉकेटवरची (बेल्टच्या दातेरी चाकावरची) बघायची, बाहेरच्या पुलीवरची नाही. पुलीच्या दोन भागांमधलं रबर जुनं झालं की बाहेरची रिंग सरकते, आणि ती खूण तुमच्याशी बिनधास्त खोटं बोलते. संशय असेल तर हेड बसवायच्या आधीच एक नंबर पिस्टनवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, काढून घ्या. प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून टीडीसी शोधायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका, टीडीसीजवळ क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो, त्या दांड्यावरून काही कळत नाही आणि तो आत अडकला तर वेगळंच काम निघतं.

बेल्ट नसताना कॅम फिरवायचा असेल तर चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँक आधी टीडीसीपासून ९० अंश मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन मधे येतात आणि व्हॉल्व्ह वाकत नाहीत. मग कॅम खुणेवर, मग क्रँक परत खुणेवर.

आता बेल्ट. माझी सगळ्यात जास्त वाट इथंच लागली होती.

पुलीच्या बाजूनं बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात (काही जुनी होंडा इंजिनं उलटी, तुमचं आधी तपासा). म्हणजे क्रँक उजव्या बाजूचा बेल्ट खाली ओढतो, ती ताणाची बाजू, आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) असतो डाव्या बाजूला. क्रँकपासून सुरुवात करून उजवीकडून वर कॅमकडे जायचं, बेल्ट ताठ ठेवत, आणि जो काही ढिलेपणा उरेल तो सगळा टेन्शनरच्या बाजूला आणायचा. दोन कॅम असतील तर त्या दोघांच्या मधला तुकडाही ताठच.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा खुणा अशा जुळल्या होत्या की फोटो काढावा. बेल्टला बोटानं दाबलं, उजवीकडे थोडा लवत होता, म्हटलं टेन्शनर घेईल ओढून. टेन्शनरनं त्याच्या बाजूचं घेतलं, उजवीकडचं तसंच राहिलं. दोन फेरे फिरवले, क्रँक आधी तो ढिलेपणा खात गेला, कॅम मागे राहिला आणि त्याची खूण बरोबर एक दात अलीकडे थांबली. मी काय केलं, कॅम दात पुढे घेतला, बेल्ट चढवताना त्याच जागी परत ढिला सोडला, परत तेच. असं तीनदा. चौथ्यांदा बेल्टवर आणि दोन्ही स्प्रॉकेटवर व्हाईटनरचे ठिपके मारून मधले दात मोजले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, उजव्या बाजूला एक दात जास्त होता.

जमतं असं: कॅमच्या षटकोनी भागावर पाना लावून तो खुणेच्या किंचित पुढे न्या, अर्धा दात पुरतो, तसाच धरून बेल्ट चढवा आणि मग कॅम हळूच मागे खुणेवर आणा. उजवी बाजू आपोआप ताठ होते. खुणेपर्यंत येतच नसेल तर एक दात कमी बसलाय. पाना सोडू नका, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कॅमला झटक्यानं फिरवतात. आणि कॅम लॉकचं टूल लावलं असेल तर त्याच्या भरवशावर स्प्रॉकेटचा बोल्ट कसू नका, ते टूल जागेवर ठेवायला असतं, टॉर्क झेलायला नाही.

चूक एका दातापेक्षा कमी असेल तर बेल्टचा दोष नाही. स्प्रॉकेटवर दोन-तीन खुणा असतात, चुकीची धरलीय का बघा, तिरकं न बघता समोरून बघा, क्रँकची चावी (स्प्रॉकेट क्रँकवर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा) आणि खाच झिजलीय का बघा, व्हीव्हीटी (चालू इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर फेझर, म्हणजे कॅमच्या टोकावरचा तिचा भाग, त्याच्या लॉकच्या जागी आहे का बघा. ‘हेड फेसिंग केलं (हेडचा तळ घासून सपाट केला) म्हणून खूण सरकली’ हे तर मी आता ऐकूनच घेत नाही. हेडचं ०.२ मिलीमीटर काढलं तर कॅम मागे राहतो हे खरं, पण बेल्टवर फरक पडतो साधारण तेवढाच, आणि दोन दातांमधलं अंतर नेहमीच्या बेल्टवर ८ ते साडेनऊ मिलीमीटर असतं. अर्धा दात त्यातून कुठून येणार?

बेल्टऐवजी टायमिंग चेन असणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. रंगीत कड्या फक्त बसवताना जुळवायच्या, दोन फेऱ्यांनंतर त्या जुळत नाहीत आणि जुळायच्याही नसतात, फक्त स्प्रॉकेटच्या खुणा बघा. यासाठी चांगली बसलेली चेन परत काढणारे लोक मी बघितलेत.

टेन्शनरला दाबून धरणारी पिन काढा, क्रँक फिरण्याच्या दिशेनंच हातानं दोन फेरे, खुणा बघा, परत दोन फेरे, परत बघा. खुणेच्या पुढे गेलात तर मागे आणू नका, अजून दोन फेरे घ्या. कुठंही कडक अडलं तर तिथंच थांबा, पान्याला पाईप लावायचा नाही.

कव्हर लावायच्या आधी सगळ्या खुणांचे समोरून फोटो काढून ठेवा. क्रँक-कॅम जुळत नसल्याचा पी००१६ कोड पुढे कधी आला तर कव्हर उघडायच्या आधी तो फोटो बघा, खुणा बरोबर दिसल्या तर आधी वायरिंग, सेन्सर आणि व्हीव्हीटीचं तेल तपासा.